पीआय३के-एकेटी मार्ग बंद केल्यावर हिपॅटायटिस बी वाढतो की घटतो? प्रयोगाची आखणी कशी करावी?

कोयनाकाठ_कराड (मूळ प्रश्न)

नमस्कार मंडळी. एम.एस्सी. सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रकल्पासाठी "यकृतपेशीतलं सिग्नलिंग आणि हिपॅटायटिस बी विषाणूची वाढ" हा विषय घेतेय. वाचताना एका जागी गाडी अडते.

काही शोधनिबंध सांगतात की पीआय३के, एकेटी किंवा एमटॉर (पेशीला वाढीचे संदेश पोचवणाऱ्या एकाच साखळीतली विकरं) औषधाने बंद केलं की एचबीव्हीचे (हिपॅटायटिस बी विषाणूचे) आरएनए आणि डीएनए दोन्ही वाढतात. काही निबंधांत नेमकं उलटं आहे, पीआय३के रोखल्यावर विषाणूची डीएनए-निर्मिती घटते. त्यात विषाणूचं एचबीएक्स प्रथिन स्वतःच एकेटी चालू करतं, यावर तर सगळ्यांचं एकमत दिसतं. हा मार्ग विषाणूच्या वाढीला मारक असेल, तर विषाणू तो मुद्दाम का चालू करेल?

हाताशी हेपजी२-एनटीसीपी पेशी (यकृताच्या गाठीतून आलेला पेशीवंश, विषाणू शिरावा म्हणून एनटीसीपी प्रथिन घातलेला), एलवाय२९४००२ (पीआय३के रोखणारं), रॅपामायसिन (एमटॉर रोखणारं) आणि डीएनए-आरएनए मोजायला क्यूपीसीआर आहे. औषध कोणत्या दिवशी घालावं आणि नेमकं काय मोजावं, म्हणजे उत्तर एका बाजूला पडेल? हिपॅटायटिस सी-लाही हाच हिशेब लागू होतो का, तेही सांगा.

पेशीसंवर्धन_मिरज

तुम्ही म्हणता तो विरोधाभास बराचसा वरवरचा आहे. "पीआय३के" या एका नावाखाली दोन वेगळी कामं दडलेली आहेत. पण त्याआधी विषाणूला पेशीकडून काय लागतं ते बघू.

एचबीव्ही एनटीसीपी या पित्तक्षार वाहणाऱ्या प्रथिनाला धरून आत शिरतो (हे प्रवेशद्वार २०१२ साली सापडलं). त्याचा सुमारे ३.२ किलोबेसचा अर्धवट दुपेडी डीएनए केंद्रकात जातो. तिथे पेशीचीच दुरुस्ती-विकरं त्याला पूर्ण बंद वर्तुळाचं रूप देतात, तोच सीसीसीडीएनए. इथून पुढे सगळे विषाणू-आरएनए पेशीचा आरएनए पॉलिमरेझ-२ बनवतो, आणि तो तिथे बसावा यासाठी यकृताचे खास लेखन-घटक (जनुकावर बसून त्याचं लेखन, म्हणजे आरएनए बनवणं, सुरू करणारी प्रथिनं) लागतात: एचएनएफ४-अल्फा, एचएनएफ१-अल्फा, सी/ईबीपी-अल्फा, आरएक्सआर-पीपीएआर-अल्फा, एफएक्सआर, सीआरईबी. म्हणजे पेशी जितकी "पक्की यकृतपेशी" असेल, तितका एचबीव्ही जोमात. पेशीला वाढ आणि विभाजनाचे संदेश मिळाले की ती हे घटक कमी करते आणि विषाणूचं लेखनही मंदावतं. एचबीव्हीच्या बाबतीत सिग्नलिंगचे बहुतेक परिणाम या एका सूत्रात बसतात, म्हणून ते आधी पक्कं करा.

आता इन्सुलिन. जेवणानंतर इन्सुलिन वाढतं, पीआय३के-एकेटी चालू होतो, एकेटी एफओएक्सओ१-ला फॉस्फेट लावून केंद्रकाबाहेर काढतो. उपाशीपोटी ग्लुकागॉनमुळे सायक्लिक एएमपी आणि सीआरईबी वाढतात, पीजीसी१-अल्फा तयार होतं आणि ग्लुकोज बनवणारी जनुकं जागी होतात. एचबीव्हीचे प्रमोटर (लेखन जिथून सुरू होतं त्या जागा) या ग्लुकोज-जनुकांसारखेच घटक वापरतात, त्यामुळे उपाशी पेशीत विषाणूचं लेखन वाढतं आणि भरल्या पोटी कमी होतं. पहिल्या दर्जाचा (क्लास वन) पीआय३के, एकेटी किंवा एमटॉर रोखणं म्हणजे पेशीला "उपाशी आहेस" असं सांगणं. आरएनए वाढतात ते यामुळे.

उलट निकाल कुठून येतात? तिसऱ्या दर्जाचा पीआय३के, म्हणजे व्हीपीएस३४, ऑटोफॅजी (पेशीने स्वतःचेच भाग पचवणं) सुरू करतो आणि एचबीव्हीला ऑटोफॅजीचे सुरुवातीचे टप्पे डीएनए-निर्मितीसाठी उपयोगी पडतात. एचबीएक्स व्हीपीएस३४-ला चिकटून त्याचं काम वाढवतं. ३-मिथिलअॅडेनीन हे व्हीपीएस३४ रोखायलाच वापरतात, वॉर्टमॅनिन दोन्ही दर्जांना लागतं, आणि एलवाय२९४००२ चढ्या मात्रेत व्हीपीएस३४, एमटॉर, केसीन कायनेझ-२ आणि ब्रोमोडोमेन प्रथिनांनाही (जनुकांच्या लेखनाला हात लावणाऱ्या) लागतं. ब्रोमोडोमेनला धक्का बसला की सीसीसीडीएनएवरचं लेखन थेट हलू शकतं, पीआय३केचा काही संबंध नसताना. म्हणून एकट्या एलवाय२९४००२वर निष्कर्ष काढू नका. एकेटीसाठी एमके-२२०६ (१ मायक्रोमोलर), एमटॉरसाठी रॅपामायसिन (१० ते १०० नॅनोमोलर) आणि टोरिन-१ (२५० नॅनोमोलर), अशी निदान तीन औषधं शेजारी शेजारी ठेवा. तिन्हींचा कल एका बाजूला गेला तरच मार्गाबद्दल बोलता येईल.

एचबीएक्सच्या प्रश्नाचं उत्तर: विषाणूला एका पेशीतून जास्तीत जास्त कण काढायचे नसतात, ती पेशी वर्षानुवर्षं जिवंत ठेवायची असते. एकेटी चालू ठेवल्याने पेशी आत्मनाशापासून वाचते आणि एचएनएफ४-अल्फा थोडं घटून वाढ आटोक्यात राहते. विषाणूच्या फायद्याचं मुख्य काम एचबीएक्स दुसरीकडे करतं. ते डीडीबी१-सीयूएल४ या यंत्रणेला धरून एसएमसी५/६ हा प्रथिनसंच नष्ट करवतं. हा संच सीसीसीडीएनएला मुका करून ठेवतो. एचबीएक्सशिवायचा विषाणू पेशीत शिरतो, सीसीसीडीएनएही बनवतो, पण आरएनए जवळजवळ निघत नाहीत. पेशीरसातलं कॅल्शियम वाढवून पीवायके२ आणि एसआरसी कायनेझ चालू करणं, हेही एचबीएक्सचंच काम, आणि त्याने डीएनए-निर्मितीला मदत होते.

हिपॅटायटिस सी-ला हा हिशेब लागू नाही. तो आरएनए विषाणू (सुमारे ९.६ किलोबेस), केंद्रकात जातच नाही. त्याला मेदथेंब, एमआयआर-१२२ (यकृतातला एक छोटा आरएनए) आणि पीआय४के-३-अल्फा हे विकर लागतात. या शेवटच्या नावातला "पीआय४के" आणि तुमचा "पीआय३के" वेगळे आहेत, प्रकल्प-अहवालात गल्लत होऊ देऊ नका. ईजीएफआर (ईजीएफ या वाढ-घटकाला धरणारं पेशीवरचं प्रथिन) मात्र दोघांच्याही प्रवेशाला मदत करतो.

ब्लॉट_सांगली

वरच्या उत्तराला जोडून माध्यमाबद्दल सांगतो, कारण असे प्रयोग बहुतेक वेळा तिथेच फसतात.

संसर्गानंतर पेशींना जे माध्यम देतात त्यात आयटीएस (इन्सुलिन, ट्रान्सफेरिन आणि सेलेनियमचं मिश्रण) घातलेलं असतं. एकपट आयटीएस म्हणजे १० मायक्रोग्रॅम प्रति मिलि इन्सुलिन, सुमारे १.७ मायक्रोमोलर. माणसाच्या रक्तात उपाशीपोटी इन्सुलिन एका नॅनोमोलरच्याही बरंच खाली असतं. म्हणजे तुमच्या पेशी शरीरातल्यापेक्षा हजारो पट इन्सुलिनमध्ये बसलेल्या असतात आणि एकेटी आधीच कमाल पातळीवर असतो. अशा माध्यमात वरून इन्सुलिन किंवा ईजीएफ घालून फरक शोधलात तर काहीच दिसणार नाही. अवरोधकाचा परिणाम मात्र फुगून दिसेल. म्हणून दोन गट करा, एक इन्सुलिनसह आणि एक इन्सुलिनविना.

मार्ग खरंच बंद झाला का, हे ब्लॉटवर (प्रतिपिंडाने ठरावीक प्रथिन दाखवणारी वेस्टर्न ब्लॉट चाचणी) दाखवल्याशिवाय विषाणूचे आकडे मांडू नका. फॉस्फेट लागण्याच्या या जागा बघा: एकेटीसाठी सेरीन ४७३, एमटॉरच्या खालच्या एस६-साठी सेरीन २३५/२३६, ४ई-बीपी१-साठी थ्रिओनीन ३७/४६, शेजारच्या आरएएस-ईआरके मार्गातल्या ईआरकेसाठी थ्रिओनीन २०२/टायरोसीन २०४. प्रत्येकाबरोबर एकूण प्रथिनाचा ब्लॉट हवाच. इन्सुलिन किंवा ईजीएफ दिल्यावर शिखर ५ ते १५ मिनिटांत येतं, म्हणून एक नमुना १५ मिनिटांचा आणि एक कापणीच्या दिवसाचा. रॅपामायसिनमध्ये हे फार महत्त्वाचं आहे. एमटॉर-१ (एमटॉरच्या दोन प्रथिनसंचांपैकी पहिला) बंद झाला की त्याच्या खालच्या एस६के विकराचा आयआरएस१-वरचा (इन्सुलिनचा संदेश आत नेणाऱ्या प्रथिनावरचा) दाब जातो आणि एकेटीचं फॉस्फेट उलट वाढतं. उपचार एक दिवसापेक्षा लांबला तर काही पेशींत एमटॉर-२-ही खचतो आणि एकेटी खाली येतो. एकच वेळ मोजली तर यातलं काही कळणार नाही.

लायसिस बफरमध्ये सोडियम फ्लोराइड (१० मिलिमोलर) आणि सक्रिय केलेलं सोडियम ऑर्थोव्हॅनाडेट (१ मिलिमोलर) घाला. व्हॅनाडेट पीएच १०-ला आणून रंगहीन होईपर्यंत उकळावं लागतं. पिवळं राहिलं तर ते नीट काम करत नाही. प्लेट बर्फावर, पीबीएस बर्फासारखं थंड. मे महिन्यात आपल्याकडे खोलीचा पारा चाळिशीला टेकतो, तेव्हा "खोलीच्या तापमानाला पाच मिनिटं" या वाक्यावर विसंबू नका, फॉस्फेट तेवढ्यात उडतं. ब्लॉकिंगला दूध नको, ५ टक्के बीएसए (गायीचं अल्ब्युमिन). दुधातलं केसीन स्वतःच फॉस्फेट लागलेलं प्रथिन आहे, पार्श्वभूमी काळी करतं.

कोयनाकाठ_कराड

मनापासून आभार, क्लास वन आणि व्हीपीएस३४-चा धागा कुठेच इतका सरळ वाचला नव्हता. तीन शंका:

१) इन्सुलिन काढल्यावर पेशी नऊ-दहा दिवस टिकतील का?
२) औषध विषाणूबरोबर घालायचं की नंतर?
३) हेपजी२-ऐवजी एचयूएच७ (यकृताच्या कर्करोगाचा दुसरा पेशीवंश) घेतल्या तर सिग्नलिंगच्या दृष्टीने काही बिघडतं का?

पेशीसंवर्धन_मिरज

तिसऱ्यापासून सुरू करतो, कारण त्यावर पहिल्या दोन ठरतात.

प्रत्येक पेशीवंशात सिग्नलिंगचा काही ना काही बिघाड आधीच असतो. हेपजी२-मध्ये एनआरएएस जनुकात क्यू६१एल बदल आहे, त्यामुळे आरएएस-ईआरके मार्ग कायम चढलेला, शिवाय बीटा-कॅटेनिन तुटकं आणि न थांबणारं. स्टिंग प्रथिन अगदी कमी, म्हणून डीएनए ओळखून इंटरफेरॉन बनवणं लंगडं. एचयूएच७-मध्ये पी५३ (पेशीविभाजनाला आवर घालणारं प्रथिन) बिघडलेलं, टीएलआर३-चा (विषाणूचा आरएनए ओळखणाऱ्या प्रथिनाचा) प्रतिसाद नाही. तिचीच उपशाखा एचयूएच७.५ हिपॅटायटिस सी-साठी वापरतात, कारण तिथे आरआयजी-आय (हेही विषाणूचा आरएनए ओळखतं) टी५५आय बदलाने निकामी आहे आणि विषाणूला रान मोकळं मिळतं. ईआरकेवर प्रयोग असता तर हेपजी२ घेऊच नका म्हटलं असतं. एकेटी-एमटॉरसाठी चालतील, पण शेवटचा एक प्रयोग हेपाआरजी (पक्क्या यकृतपेशीसारख्या होणाऱ्या पेशीवंशावर) किंवा मूळ मानवी यकृतपेशींवर व्हायला हवा. हेपाआरजी घ्यायच्या तर वेळ धरा: दोन आठवडे साधं माध्यम, पुढचे दोन आठवडे सुमारे २ टक्के डीएमएसओ (पेशींना पक्क्या यकृतपेशी बनवणारं द्रावक) आणि ५० मायक्रोमोलर हायड्रोकॉर्टिसोन, तेव्हा कुठे त्या संसर्गाला तयार होतात. महिना जातो हो, पण निकालाला वजन येतं.

आता क्रम.

कोलॅजन लावलेल्या २४ खणी प्लेटमध्ये प्रत्येक खणात दोन ते तीन लाख पेशी. थर पूर्ण भरलेला हवा. विरळ पेशी विभागत राहतात आणि वर सांगितलं तसं विभागणाऱ्या पेशीत विषाणूचं लेखन मंद असतं. औषधाने पेशींची संख्या बदलली तर तेवढ्यानेच निकाल फिरतो.

संसर्गाच्या आदल्या दिवशी २.५ टक्के डीएमएसओचं माध्यम. मग विषाणू, प्रति पेशी २०० ते १००० जीनोम, ४ टक्के पीईजी-८००० (विषाणू पेशीला चिकटायला मदत करणारं रसायन) सह, १६ ते २४ तास. पीईजी विसरलात तर संसर्ग नावापुरता होतो. नंतर पीबीएसने चार-पाच वेळा नीट धुवा. धुणं कमी पडलं तर मूळ द्रावातलं एचबीएसएजी आणि एचबीईएजी (विषाणूची प्रथिनं) पहिले दोन-तीन दिवस एलायझात दिसत राहतं आणि ते नवं उत्पादन वाटतं. यावरचा पहारेकरी म्हणजे एक खण बुलेव्हिर्टाइडचा (२०० नॅनोमोलर, विषाणूच्या आधीपासून). तो एनटीसीपी अडवतो, त्यामुळे त्या खणात जे दिसेल ते सगळं वाहून आलेलं.

औषध विषाणूबरोबर मुळीच नको. ईजीएफआर प्रवेशात हात लावतो, आयएल-६ (दाहाचा संदेश देणारं प्रथिन) तर एनटीसीपीच कमी करतं, त्यामुळे बरोबर घातलेल्या औषधाचा परिणाम प्रवेशावर झाला की लेखनावर, हे कधीच सुटणार नाही. तिसऱ्या दिवसापर्यंत थांबा. तोवर सीसीसीडीएनए तयार झालेला असतो. मग औषध घाला, दर दोन दिवसांनी माध्यमासह ताजं द्या आणि सहाव्या ते नवव्या दिवसात कापणी करा. वॉर्टमॅनिन माध्यमात काही तासांतच निकामी होतं, ते इतक्या लांब प्रयोगाला निरुपयोगी.

औषधंही डीएमएसओमध्येच विरघळवलेली असतात. माध्यमात आधीच २.५ टक्के आहे, त्यात औषधाबरोबर येणारं धरून सगळ्या खणांत एकूण प्रमाण एकच ठेवा. २.५ आणि २.८ टक्क्यांतही पेशीची अवस्था वेगळी राहू शकते. शुद्ध डीएमएसओ सुमारे १८ अंशांना गोठतं, फ्रिजमधली कुपी पूर्ण वितळून हलवल्याशिवाय पिपेट बुडवू नका.

पहिली शंका: डीएमएसओच्या भरलेल्या थरात इन्सुलिन पूर्ण काढलं तर नऊ दिवसांत पेशी सुटू लागतात. त्यापेक्षा १ नॅनोमोलरपर्यंत खाली आणा आणि इन्सुलिनविना गट फक्त शेवटच्या ४८ तासांसाठी ठेवा. किती पेशी जिवंत आहेत हे कळायला प्रत्येक गटात एलडीएच किंवा सीसीके-८ तपासणी हवीच. मेलेल्या पेशीतून सुटलेला विषाणू-डीएनए द्रावात वाढ म्हणून दिसतो.

मोजायचं काय: पेशीतला प्रीजीनोमिक आरएनए (३.५ किलोबेस, यावरूनच विषाणूचा नवा डीएनए बनतो) आणि एकूण एचबीव्ही आरएनए वेगळ्या प्रायमरने. विषाणूच्या सगळ्या आरएनएंचं शेवटचं टोक सामाईक आहे, म्हणून एक्स भागातले प्रायमर सगळेच पकडतात. दोन्ही सारखे वाढले तर लेखन एकूणच वाढलंय. आरएनए तेवढेच आणि कॅप्सिडमधला (विषाणूच्या प्रथिन-कवचातला) डीएनए मात्र घटला, तर परिणाम नंतरच्या टप्प्यावर आहे, आणि तिथे व्हीपीएस३४-चा संशय घ्यायचा. तुमच्या प्रश्नातले दोन उलट निकाल या एका तुलनेने वेगळे करता येतात.

संदर्भ-जनुक (ज्याच्याशी तुलना करायची ते, न बदलणारं) जीएपीडीएच नको, ते इन्सुलिनला प्रतिसाद देतं. १८एस-ही नको, रायबोसोमल आरएनएचं उत्पादन एमटॉरच्या हातात आहे. टीबीपी आणि एचपीआरटी१ ही जोडी ठेवा. इंटरफेरॉनचा गट असेल तर बी२एम टाळा, ते इंटरफेरॉननेच वाढतं.

आणि शेवटचा पुरावा: एसआयआरएनएने (ठरावीक जनुक दाबणारा छोटा आरएनए) एचएनएफ४-अल्फा कमी करून तेच औषध द्या. वाढ नाहीशी झाली तर मार्ग एचएनएफ४-अल्फामधून जातो असं छातीठोक लिहा.

फिजिशियन_सातारा

प्रयोगशाळेच्या या चर्चेत रुग्णाच्या बाजूचं थोडं घालतो, कारण याच सिग्नलिंगची किंमत ओपीडीत मोजावी लागते.

एकाच रुग्णात बी आणि सी दोन्ही असले की बहुधा सी-चा जोर असतो आणि बी दबलेला. सी-मुळे यकृतात इंटरफेरॉनने चालणारी जनुकं सतत जागी असतात, हे त्याचं एक मोठं कारण. सोफोसबुव्हिर-डॅक्लाटॅस्विरने सी काही आठवड्यांत साफ होतो, ती जनुकं शांत होतात आणि बी डोकं वर काढतो. अमेरिकेच्या एफडीएने ऑक्टोबर २०१६ मध्ये सगळ्या डीएए (सी विषाणूवर थेट काम करणाऱ्या) औषधांवर याचा ठळक इशारा छापायला लावला. सी-चं औषध सुरू करण्याआधी एचबीएसएजी आणि एकूण अँटी-एचबीसी (बी-चा संसर्ग आहे किंवा होऊन गेला हे सांगणारे प्रतिपिंड) करायलाच हवं.

स्टिरॉइडचंही तसंच. एचबीव्हीच्या जीनोममध्येच ग्लुकोकॉर्टिकॉइडला प्रतिसाद देणारा भाग आहे, म्हणजे प्रेडनिसोलोन प्रतिकारशक्ती दाबतं आणि विषाणूचं लेखनही ढकलतं. एचबीएसएजी पॉझिटिव्ह रुग्णाला रोज २० मिग्रॅ किंवा जास्त, चार आठवडे किंवा पुढे द्यायचं असेल तर आधी एन्टेकॅव्हिर किंवा टेनोफोव्हिर (बी-विरोधी औषधं). प्रतिकारशक्ती दाबणारा उपचार संपल्यावरही युरोपीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार निदान १२ महिने चालू ठेवतात, रिटुक्सिमॅब असेल तर १८. सांधेदुखीवर गावोगावी पुड्या मिळतात, त्यांत स्टिरॉइड असू शकतं. एएलटी (यकृताची इजा दाखवणारं विकर) अचानक चढलेल्या रुग्णाला हे विचारा. राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम (जुलै २०१८ पासून) तपासणी आणि औषधं मोफत देतो. पैशाअभावी तपासणी टाळणाऱ्यांना हे आवर्जून सांगा.

पाणीपुरवठा_सांगली

मध्येच विचारतो. २०१९ आणि २०२१च्या महापुरानंतर आमच्याकडे सगळी धास्ती पाण्यातून येणाऱ्या काविळीची, म्हणजे हिपॅटायटिस ई-ची होती. त्यालाही हे एमटॉर वगैरे लागू आहे का?

पेशीसंवर्धन_मिरज

पेशीसंवर्धनात लागू आहे, आणि दिशा बी-सारखीच: रॅपामायसिन आणि एव्हरोलिमसने हिपॅटायटिस ई वाढतो. मात्र कारण वेगळं. हा आरएनए विषाणू, एचएनएफ४-अल्फाशी त्याचा तसा संबंध नाही. इथे ४ई-बीपी१-मधून जाणारा संरक्षक परिणाम एमटॉर रोखल्याने ढिला पडतो. सायक्लोस्पोरिन आणि टॅक्रोलिमसनेही तो वाढतो, मायकोफेनोलेटने घटतो, कारण ते पेशीतला जीटीपी संपवतं. याचा उपयोग अवयव-प्रत्यारोपण झालेल्या, जुनाट संसर्गाच्या रुग्णांत होतो. तो संसर्ग प्रामुख्याने जीनोटाइप ३-चा. आपल्याकडच्या साथी जीनोटाइप १-च्या असतात, त्या गटारमिश्रित पाण्याने पसरतात. तिथे उपाय पाइपगळती आणि क्लोरीनचाच. नळाच्या शेवटच्या टोकाला निदान ०.२ मिग्रॅ प्रति लिटर उरलेलं क्लोरीन, पूरकाळात ०.५. गढूळपणा जास्त असेल तर आधी तुरटीने पाणी निवळा, नाहीतर क्लोरीन गाळावरच खर्च होतं.

कोयनाकाठ_कराड

आखणी जवळपास झाली. शेवटचं: सीसीसीडीएनए क्यूपीसीआरने मोजताना बाकीचा विषाणू-डीएनए मिसळतो, त्यावर काय करावं? सुरक्षिततेचंही सांगा.

ब्लॉट_सांगली

हर्ट पद्धतीने डीएनए काढा, त्यात गुणसूत्री डीएनए आणि प्रथिनाला चिकटलेला आरसीडीएनए (विषाणूचा तो अर्धवट दुपेडी डीएनए) बराचसा मागे राहतो. मग टी५ एक्सोन्यूक्लिएझ (बंद वर्तुळ सोडून बाकीचा डीएनए खाणारं विकर), ३७ अंशांना एक तास, नंतर ७० अंशांना २० मिनिटं. प्रायमर आरसीडीएनएच्या खाचेच्या दोन्ही बाजूंना पडतील असे घ्या. विकर नीट चाललं हे दाखवायला मायटोकॉन्ड्रियाचा वर्तुळाकार डीएनए (टिकायला हवा) आणि एखादं गुणसूत्री जनुक (नाहीसं व्हायला हवं) दोन्ही मोजा. हेपजी२.२.१५ पेशींत विषाणूचा डीएनए गुणसूत्रात बसवलेला असतो आणि आरएनए मुख्यतः तिथूनच निघतात, त्यामुळे सीसीसीडीएनएच्या लेखनाबद्दल त्या पेशींवरून काही म्हणू नका.

सुरक्षितता: काम सुरू करण्याआधी लसीचे तीन डोस पूर्ण आणि अँटी-एचबीएस (लसीने तयार होणारे प्रतिपिंड) १० मिलि-आययू प्रति मिलि किंवा जास्त, अहवाल फाइलला लावलेला. एचबीव्ही वाळलेल्या पृष्ठभागावर निदान सात दिवस संसर्गक्षम राहतो. सांडलं तर आधी टिपकागद, मग १ टक्का ताजं हायपोक्लोराइट, निदान १० मिनिटं. नुसतं स्पिरिट फिरवून भागत नाही. हायपोक्लोराइट उन्हाळ्यात बाटलीतच मरतं, म्हणून रोज नवं बनवा आणि बाटलीवर तारीख टाका. विषाणूचा द्राव सेंट्रिफ्यूज करताना झाकणाचे रोटर, आणि यंत्र थांबल्यावर दहा मिनिटांनीच झाकण उघडायचं.